पडीक जुने ट्रक: शोधायचे कसे, टिपायचे कसे

चाळीस वर्षं एका जागी उभा असलेला ट्रक एका दिवसात नाहीसा होतो. लोखंडाचा भाव चढला, जमीन विकली गेली किंवा वारसांनी आवार साफ करायला घेतलं की क्रेन येते आणि संध्याकाळी तिथे तेलाचा डाग तेवढा उरतो. त्यामुळे अशा गाडीचे फोटो काढताना दोन कामं एकत्र करायची असतात. चित्र चांगलं यायला हवं, आणि ती गाडी नेमकी कोणती, कोणत्या काळातली, कशी वापरलेली होती हे फोटोंवरून पुढे कुणालाही सांगता यायला हवं. नवशिके पहिल्या कामात रमतात आणि दुसरं विसरतात. या लेखात दोन्हींचा क्रम दिला आहे. कॅमेऱ्याचा भाग बराच नंतर येतो, कारण तिथवर नीट पोचणं हेच जास्त मेहनतीचं आहे.

१. आधी ओळखायला शिका

साधारण १९३० ते १९७० या काळातले बॉनेटवाले, म्हणजे केबिनच्या पुढे इंजिनाचं नाक असलेले ट्रक हा या छंदाचा गाभा. जाण्याआधी थोड्या खुणा डोळ्यांत बसवून घ्या.

समोरची काच मध्ये पट्टी असलेली, दोन तुकड्यांची असेल तर गाडी बहुधा पन्नाशीच्या दशकाच्या मध्याआधीची. शेवरोलेची ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ मालिका १९४७ ते १९५५ चालली. तिच्या दर्शनी जाळीत पाच आडव्या पट्ट्या असतात. १९५४ मध्ये ही जाळी बदलली आणि काच एकसंध झाली. फोर्डची ‘एफ’ मालिका १९४८ ला सुरू झाली. एफ-१ ते एफ-८ अशी तिची नावं होती, म्हणजे आकडा जितका मोठा तितकी गाडी जास्त वजनाची. एफ-१०० सारखी तीन आकडी नावं १९५३ पासून आली. डॉजचा ‘पॉवर वॅगन’ १९४६ चा, लष्करी गाडीवरून बेतलेला. बेडफर्डचा गोल नाकाचा ‘ओ’ प्रकार १९३९ चा, ‘टीजे’ १९५८ चा. टाटांच्या ट्रकवर मर्सिडीजचा तारा असेल तर तो १९५४ ते १९६९ या डाइम्लर-बेंझबरोबरच्या करारकाळातला. करार संपल्यावर ताऱ्याच्या जागी ‘टी’ आला.

इथे एक सापळा आहे. चालत्या आयुष्यात ट्रक कधीच एकसंध राहत नाही. अपघातानंतर दुसऱ्या वर्षाचं बॉनेट बसतं, पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलं जातं, जाळी भंगारातून येते. एका खुणेवरून वर्ष ठरवू नका. काच, जाळी, दाराची मूठ, डॅशबोर्ड आणि माहितीपट्टी (कारखान्याने बसवलेली, मॉडेल आणि क्रमांकाची पट्टी) यांपैकी किमान तीन गोष्टी जुळल्या तरच वर्ष लिहा. नाहीतर ‘१९४७ ते १९५३ दरम्यान’ असं लिहिणं जास्त प्रामाणिक.

२. कुठे शोधायचे

ट्रक बहुधा काम थांबलं तिथेच थांबतो. बंद खाणी, दगडाच्या खदानी, लाकडाच्या वखारी, धरणाच्या कामाच्या जुन्या वसाहती, बंद गिरण्यांची मागची आवारं, मोठी शेतं, वाहतूक कंपन्यांचे जुने डेपो यांपासून सुरुवात करा. नवा महामार्ग झाल्यावर बाजूला पडलेला जुना रस्ता तर आवर्जून पाहा; त्यावरची गॅरेजं गिऱ्हाइकं आटल्यावर बंद पडतात आणि दुरुस्तीला आलेल्या गाड्या तशाच राहतात. शेतांवर ट्रक टिकण्याचं कारण वेगळं. एका चालू ट्रकला सुटे भाग पुरवण्यासाठी दुसरा ठेवलेला असतो. म्हणून शेतावर एक दिसला की आसपास त्याचा जोडीदारही शोधा.

घरबसल्या शोधायचं तर गूगल अर्थ प्रो हे फुकट मिळणारं साधन पुरेसं आहे. त्यातली जुन्या उपग्रहचित्रांची सोय वापरा. वेगवेगळ्या वर्षांच्या चित्रांत तोच आयत त्याच जागी, त्याच दिशेने तोंड करून दिसत असेल आणि भोवतीची झाडी वाढत गेली असेल, तर गाडी उभी आहे ती कायमची. झाडं पानं गाळतात त्या ऋतूतली चित्रं आधी उघडा. हिरव्या छताखालचं काही दिसत नाही.

मापपट्टीने लांबी मोजा. मध्यम बॉनेटवाला ट्रक साधारण ६ ते ८ मीटर भरतो. मात्र ६.१ बाय २.४ मीटरचा नेटका आयत बहुधा मालवाहू कंटेनर असतो, आणि नवशिक्यांच्या अर्ध्या फेऱ्या त्याच्यापायी वाया जातात. ट्रकच्या सावलीत केबिन आणि हौदा यांच्यामध्ये खाच दिसते आणि पुढचं नाक हौद्यापेक्षा अरुंद असतं. लांब सावल्यांची चित्रं या तपासणीला सर्वांत उपयोगी.

माणसांकडून मिळणारी माहिती याहून चांगली. जुने मेकॅनिक, टायरवाले, भंगारवाले, निवृत्त चालक यांना विचारा. ‘इथे जुना ट्रक कुठे आहे का?’ या प्रश्नाला सहसा ‘नाही’ असंच उत्तर येतं, कारण रोज दिसणारी गाडी कुणाच्या लक्षात राहत नाही. फोनवर एखाद्या बॉनेटवाल्या ट्रकचा फोटो दाखवून ‘असं तोंड असलेला’ असं विचारा. लगेच दोन-तीन जागा निघतात.

प्रत्येक जागेची नोंद दशांश अंशांत, बिंदूनंतर पाच आकड्यांपर्यंत ठेवा. तेवढ्याने जागा साधारण एक मीटरपर्यंत पक्की होते.

३. मालक शोधा, परवानगी लेखी घ्या

बेवारस दिसणारी गाडी बेवारस असतेच असं नाही. जमिनीचा मालक आणि गाडीचा मालक हे अनेकदा दोन वेगळे असतात. शेत एकाचं, ट्रक त्याच्या दिवंगत भागीदाराच्या मुलांचा, असे प्रकार सर्रास असतात. दोघांकडूनही होकार हवा. सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून दिसेल ते टिपणं बहुतेक ठिकाणी चालतं. कुंपण ओलांडणं मात्र, ते पडलेलं असलं तरी, अतिक्रमण ठरू शकतं. तुमच्या देशातला नियम आधी पाहून घ्या.

पोलिसांनी जप्त केलेल्या गाड्या, लष्करी आवारं, चालू खाणी आणि संरक्षित जंगल यांच्या बाबतीत तोंडी परवानगीचा काही उपयोग नाही. संबंधित कार्यालयाचं पत्र मिळालं तर जा, नाहीतर सोडून द्या. जप्त गाडी पुरावा असते. तिच्या दाराला हात लावणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं.

सोबत न्यायची कागदपत्रं:

- परवानगीपत्राच्या दोन प्रती. त्यात तारीख, जागा, वेळ, दोन्ही बाजूंची नावं आणि सह्या.
- त्याच पत्रात वेगवेगळ्या ओळींत: केबिनमध्ये बसता येईल का, बॉनेट उघडता येईल का, रात्री थांबता येईल का, फोटो प्रसिद्ध करता येतील का, विकता येतील का. ‘फोटो काढा’ म्हणणाऱ्या माणसाने ‘विका’ असं म्हटलेलं नसतं.
- स्वतःच्या जोखमीवर आत जात असल्याची एक ओळ. मालकाची खरी काळजी ‘कुणाला लागलं तर?’ ही असते आणि या ओळीने ती पुष्कळ कमी होते.
- ओळखपत्राची प्रत.
- ड्रोन उडवणार असाल तर त्याचे वेगळे कागद. जमीनमालकाच्या होकाराने हवाई नियम शिथिल होत नाहीत.

मालकाशी बोलताना घाई करू नका. ट्रक कोणत्या वर्षी थांबला, कशामुळे थांबला, काय वाहायचा, कोण चालवायचं, चालू असतानाचा एखादा फोटो घरात आहे का, एवढं विचारा आणि त्याच दिवशी लिहून काढा. माहितीपट्टी गंजून गेलेली असली की हीच नोंद शेवटी हाताशी राहते.

४. सामान

कॅमेरा आणि २४ ते ७० मिमीची झूम लेन्स एवढ्यावर नव्वद टक्के काम होतं. त्याशिवाय: भक्कम ट्रायपॉड, फिरता ध्रुवीकरण फिल्टर, दोन बॅटऱ्या, दोन टॉर्च, मोजपट्टी, वही-पेन्सिल, मऊ रंगाचा ब्रश, बसायला जाड चटई. अंगावर घोट्यापर्यंतचे जाड तळाचे बूट, लांब पँट, चामडी हातमोजे. केबिनमध्ये शिरायचं असेल तर धूळ गाळणारा एन-९५ मास्क. धनुर्वाताची लस गेल्या दहा वर्षांत घेतली आहे ना, हे निघण्याआधी तपासा. गंजलेला पत्रा आणि माती यांची जखम साधी समजू नका.

तारेचा ब्रश, गंज सोडवणारा फवारा, पाना, पेंचिस यातलं काही नेऊ नका. हाताशी हत्यार असलं की ‘एवढा बोल्ट सैल करून बघू’ असं वाटतंच, आणि सत्तर वर्षांचा बोल्ट सैल न होता तुटतो.

५. पोचल्यावर आधी एक फेरी, हात न लावता

कॅमेरा पिशवीतच ठेवून गाडीभोवती दोन-तीन मीटरवरून एक पूर्ण फेरी मारा. पायाखाली काचा, तारा, उघडे खड्डे आहेत का पाहा. गांधीलमाशांची पोळी बहुधा दिव्यांच्या वाटीत, दाराच्या पोकळीत किंवा बॉनेटच्या आतल्या बाजूला असतात. साप इंजिनखाली आणि सीटखाली सावलीला बसतात. लांब काठीने मडगार्डवर दोन-चार वेळा ठोका आणि मिनिटभर थांबा.

मग या गोष्टी पाळा, कारणांसकट.

गाडीखाली अजिबात जाऊ नका. ती जॅकवर, दगडांवर किंवा ओंडक्यांवर उभी असेल तर तिला टेकूही नका. लाकूड आतून कुजलेलं असतं आणि बाहेरून धड दिसतं. उतारावर उभी असेल तर खालच्या बाजूला थांबू नका. ब्रेक केव्हाच गेलेले असतात, चाक फक्त मातीत रुतल्यामुळे थांबलेलं असतं.

चाकांवर पाय देऊन चढू नका आणि रिमवर काही आपटू नका. जुन्या ट्रकची अनेक चाकं दोन-तीन तुकड्यांची असतात, कडेला लॉक रिंग, म्हणजे टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी कडी असते. टायरमध्ये हवा शिल्लक असेल आणि रिंग गंजली असेल तर ती सुटून जीवघेण्या जोराने बाहेर फेकली जाते.

हौद्याची जमीन लाकडी फळ्यांची असेल तर तिच्यावर उभे राहू नका. अगदीच गरज असेल तर पाय फक्त खालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या रेषेत टाका. फाळका, म्हणजे हौद्याची उघडणारी बाजू, बिजागरीवर तग धरून असतो. कडी सोडली तर तो सरळ नडगीवर येतो.

बॉनेट उघडायची परवानगी असेल तर त्याच्या मूळ टेकूवर विसंबू नका, जाड लाकडाचा आधार द्या. ब्रेक लायनिंग, क्लच आणि गॅस्केट यांत त्या काळी अ‍ॅस्बेस्टस वापरत, तेव्हा तिथली धूळ फुंकू किंवा झटकू नका. केबिनमध्ये उंदरांच्या लेंड्या असतील तर मास्कशिवाय आत डोकंही घालू नका.

६. आधी नोंदीचे फोटो

ऊन कितीही सुंदर पडलेलं असो, हे पंधरा मिनिटांचं काम आधी उरका. नंतर ते राहूनच जातं.

समोरून सरळ, दोन्ही बाजूंनी सरळ, मागून सरळ आणि चारही कोपऱ्यांतून तिरके असे आठ फोटो. सरळ फोटोंसाठी ८ ते १० मीटर, बाजूच्या फोटोंसाठी अख्खी गाडी चौकटीत मावेल इतकं आणखी मागे जा आणि ५० ते ७० मिमी वापरा. २४ मिमीने जवळून काढलं तर नाक फुगतं, केबिन आक्रसते आणि मापं कळेनाशी होतात. कॅमेरा दिव्यांच्या मध्याच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण एक मीटरवर धरा. छातीच्या उंचीवरून काढलेला ट्रक दबलेला दिसतो, नवशिक्यांच्या फोटोंतला हा सर्वांत नेहमीचा दोष.

त्यानंतर तपशील: बोधचिन्ह, जाळी, दिवे, दाराची मूठ, काचेची चौकट, डॅशबोर्ड, स्टेअरिंग, पेडल, इंजिनाच्या दोन्ही बाजू, पुढचे-मागचे पाटे, टायरवरचा आकार. टायरवर ७.५०-२० किंवा ९.००-२० असे आकडे दिसतील.

माहितीपट्टी दाराच्या खांबावर, इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर किंवा डॅशबोर्डवर शोधा. चासीवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) कोरलेला क्रमांक अनेकदा पुढच्या चाकाजवळच्या पट्टीवर असतो. माहितीपट्टी घासू नका. मऊ ब्रशने माती काढा आणि टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, १० ते १५ अंशांत धरा. सरळ पाहताना न दिसणारे ठसे अशा आडव्या उजेडात उठून येतात. चारही बाजूंनी टॉर्च फिरवत चार फोटो काढा, कारण एका दिशेने ३ वाटणारा आकडा दुसऱ्या दिशेने ८ निघतो.

शेवरोलेच्या इंजिन ब्लॉकवर ओतकामाची तारीखही असते: ए ते एल हे अक्षर महिन्याचं, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ‘सी १५ ३’ म्हणजे १५ मार्च, आणि ३ ने संपणारं वर्ष. दशक कोणतं ते बाकीच्या खुणांवरून ठरवा. ही तारीख इंजिनाची आहे, गाडीची नव्हे, हे विसरू नका.

मूळ रंग हवा असेल तर बाहेर पाहू नका. ऊन लागत नाही अशा जागी, म्हणजे डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, कप्प्याच्या झाकणामागे, सीटच्या पाठीमागच्या पत्र्यावर तो शाबूत सापडतो. बाहेरचा रंग जिथे पोपडे होऊन उडाला आहे तिथे कडेचा अगदी जवळून फोटो घ्या. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे रंगाचे थर दिसतात आणि गाडी किती वेळा, कोणकोणत्या रंगात रंगवली गेली ते मोजता येतं.

७. गंजाला कोणता उजेड मानवतो

भर दुपारचं ऊन टाळा, एवढा सल्ला सगळे देतात. गंजाच्या बाबतीत त्यापुढेही जायला हवं, कारण एकाच ट्रकवर तीन वेगवेगळे पृष्ठभाग असतात.

गंजलेला पत्रा खरखरीत आणि चकाकी नसलेला असतो. ढगाळ आकाशाखाली त्याच्यातले नारिंगी, तपकिरी, जांभळट असे सगळे रंग दिसतात. उन्हात ते एका तांबूस पट्ट्यात विरघळतात. उडालेला रंग खडूसारखा पांढुरका पडलेला असतो. पाऊस पडून गेल्यावर तासाभरात त्याच पत्र्यावर मूळ रंग वर येतो, कारण पाणी ती पांढुरकी पूड झाकतं. म्हणून पावसाच्या दुसऱ्या दिवशी जाण्यापेक्षा पाऊस थांबता थांबता तिथे असणं चांगलं. पाणी मारून हा परिणाम आणता येतो, पण मालकाला विचारून, आणि केबिनच्या आत कधीही नाही. तिसरा पृष्ठभाग क्रोम आणि काच. त्यात आजूबाजूचं सगळं उमटतं, तुमचा उजळ शर्टसुद्धा. गडद कपडे घाला.

पत्र्याचे पोचे, पोपडे आणि अक्षरांचे उंचवटे दाखवायचे तर कोवळं, बाजूने येणारं ऊन हवं. ट्रकचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते उपग्रहचित्रावर आधीच कळतं. सूर्याची दिशा दाखवणारं फोटोपिल्ससारखं अ‍ॅप उघडा आणि ऊन दर्शनी बाजूवर ३० ते ४५ अंशांत कधी पडेल ते काढून त्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा.

ध्रुवीकरण फिल्टरने रंगावरची आणि काचेवरची चमक कापली जाते, ओल्या पत्र्यावर तर फारच छान. उघड्या धातूच्या चकाकीवर मात्र त्याचा परिणाम होत नाही, तेव्हा क्रोमसाठी तो फिरवत बसू नका. फिल्टरमुळे दीड ते दोन स्टॉप (एका स्टॉपला उजेड निम्मा) उजेड कमी होतो, आणि २४ मिमीहून रुंद लेन्सवर आकाशात गडद पट्टा येतो.

पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स) स्वयंचलित ठेवू नका. चौकटभर नारिंगी दिसलं की कॅमेरा ते ‘दुरुस्त’ करायला निळं ओततो आणि गंज मातकट होतो. उन्हात ५२०० ते ५५०० केल्व्हिन, ढगाळ असताना ६००० ते ६५०० ठेवा आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल घ्या. फोनवर काढत असाल तर रुंद लेन्सऐवजी दुप्पट झूमची लेन्स वापरा आणि बोट दाबून धरून एक्स्पोजर अडकवून ठेवा.

रचनेबद्दल एकच आग्रह: ट्रकभोवती जागा सोडा. झाड बॉनेटमधून वर आलेलं असेल तर झाडाचा शेंडा चौकटीत हवा. बंद गिरणीची चिमणी, खाणीचा उतार, मोडलेलं कुंपण हे सगळं ट्रक इथे का थांबला ते सांगतं. नुसतं जाळीचं आणि दिव्यांचं चित्र कुठल्याही संग्रहालयात काढता येतं.

८. केबिन आणि दारावरची अक्षरं

केबिनमध्ये अंधार आणि खिडकीबाहेर लख्ख उजेड, एका फोटोत दोन्ही मावत नाहीत. ट्रायपॉडवर एफ/८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (उजेडाची संवेदनशीलता) ठेवून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फोटो घ्या आणि नंतर जुळवा. आत जायची गरज बहुधा पडत नाही; उघड्या दारातून किंवा फुटलेल्या मागच्या काचेतून आत पाहिलं तर स्टेअरिंगसह पूर्ण डॅशबोर्ड येतो. दार अडकलेलं असेल तर ओढू नका. बिजागरीचा खांब कुजलेला असला तर दार हातात येतं.

आतल्या वस्तू हलवून ‘छान’ मांडणी करू नका. बाटली सीटवर होती तर ती सीटवरच राहू दे.

दारांवर हाताने रंगवलेली मालकाची, गावाची, वजनमर्यादेची अक्षरं असतात आणि अनेकदा ती जवळजवळ पुसलेली असतात. सरळ समोरून, सावलीत फोटो घ्या. घरी त्या रंगीत फोटोची लाल, हिरवी आणि निळी वाहिनी (चॅनल) एकेक करून कृष्णधवल स्वरूपात पाहा. डोळ्याला न दिसणारी ओळ एखाद्या वाहिनीत वाचता येते.

९. रात्री थांबायचं असेल तर

एकटे थांबू नका आणि जागा दिवसा पाहून ठेवलेली असू दे. पूर्ण चंद्राच्या उजेडात एफ/४, आयएसओ ८००, १५ सेकंद इथून सुरुवात करा. टॉर्चने उजेड रंगवायचा असेल तर कॅमेऱ्याच्या बाजूने मारू नका, सगळं सपाट होतं; गाडीच्या बाजूला चौकटीबाहेर उभे राहून टॉर्च सतत हलता ठेवा. केबिनच्या आतून दोन सेकंद उजेड पुरतो.

१०. घरी आल्यावर

रंगांची तीव्रता वाढवायचा मोह आवरा. गंज पेटलेला दिसायला लागला की फोटोची नोंद म्हणून किंमत गेली. नारिंगी रंगाचा उजळपणा थोडा खाली घेतला तर पोत आपोआप उठतो.

फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस, बनावट, अनुक्रमांक असं ठेवा. मूळ फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मालकाने सांगितलेली हकिकत वहीत न ठेवता फोटोच्या माहितीत टंकून टाका. वही आणि फोटो काही वर्षांत हमखास वेगळे होतात.

प्रसिद्ध करण्याआधी फाइलमधली जीपीएस नोंद काढून टाका. चासी क्रमांक आणि नोंदणी क्रमांक झाका, कारण त्यांचा वापर खोटे कागद बनवायला होऊ शकतो. गावाचं नाव, गिरणीची ओळखू येणारी पाटीही नको. जागा उघड झाली की आठवड्याभरात बोधचिन्हं आणि दिवे चोरीला जातात आणि मालक पुढच्या माणसाला फाटकातून आत घेत नाही.

मालकाला दोन चांगले छापील फोटो पाठवा, एक गाडीचा आणि एक त्यांच्यासह गाडीचा. ट्रायपॉडची जागा कुठल्या तरी न हलणाऱ्या वस्तूपासून, खांब किंवा विहिरीच्या कडेपासून, मोजून लिहून ठेवा. दोन-तीन वर्षांनी परत गेलात तर त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, त्याच महिन्यात फोटो घ्या.